एफिससची धर्मसभा, इ.स. ४३१ : वाट न पाहता दिलेला निकाल

वसईपासून गोव्यापर्यंत जपमाळेत मरियेला देवाची माता म्हटलं जातं. या पदवीवर ४३१ मध्ये एफिससला, आजच्या तुर्कस्तानात, बिशपांच्या सभेत शिक्कामोर्तब झालं, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. तो निकाल लागला कसा, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

वादाला धर्मपीठांच्या मानापमानाची जुनी किनार होती. ३८१ च्या धर्मसभेने साम्राज्याची पूर्वेकडची राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपला रोमच्या खालोखाल मान दिला, कारण ते नगर आता नवं रोम होतं. तोवर पूर्वेकडे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा शब्द चाले. तिथल्या धर्मप्रमुखाला हे रुचणं शक्यच नव्हतं. ४०३ मध्ये अलेक्झांड्रियाच्या तेव्हाच्या धर्मप्रमुखाने राजधानीजवळ येऊन सभा भरवली आणि राजधानीच्या लोकप्रिय बिशपला पदच्युत केलं. त्या वेळी त्याच्यासोबत त्याचा भाचा होता. तोच भाचा ४१२ मध्ये मामाच्या जागी आला : सिरिल. ‘पॅट्रिआर्क’, म्हणजे सर्वोच्च धर्मप्रमुख, ही पदवी या पीठांना तेव्हा अजून रीतसर चिकटलेली नव्हती, पण अधिकाराची ओढाताण पुरती सुरू झाली होती.

नेस्टोरियस ४२८ मध्ये राजधानीचा बिशप झाला. तो तेव्हाच्या सिरियातल्या अँटिऑककडचा मठवासी. लोक मरियेला ‘थिओटोकोस’, म्हणजे देवाला जन्म देणारी, म्हणत. त्याने ‘ख्रिस्ताला जन्म देणारी’ हा शब्द सुचवला. देवत्वाला आई असते, असा कुणाचा समज होऊ नये, ही त्याची काळजी होती. अँटिऑकच्या परंपरेत ख्रिस्ताचं मनुष्यत्व आणि देवत्व काळजीपूर्वक वेगळं ठेवत. अलेक्झांड्रियात दोहोंच्या एकतेवर भर असे. सिरिलला नेस्टोरियसच्या शब्दात एका ख्रिस्ताचे दोन तुकडे दिसले. त्याची ही भीती खरी होती आणि त्याचा ईशज्ञानातला अधिकारही मोठा होता, हे मान्य करूनच पुढचं सांगायला हवं.

४३० च्या ऑगस्टमध्ये रोमने सिरिलच्या बाजूने कौल दिला. सिरिलने नेस्टोरियसला बारा शापवचनं, म्हणजे ‘असं मानणारा शापित असो’ अशी विधानं, पाठवून ती मान्य करायला सांगितलं. सम्राटाने मग एफिससला सर्वांची सभा बोलावली. दिवस ठरला ७ जून ४३१, पेंटेकॉस्टचा सण.

सिरिल इजिप्तच्या बिशपांचा मोठा ताफा घेऊन आला. एफिससचा बिशप त्याच्याच बाजूचा. अँटिऑकचा धर्मप्रमुख आणि त्याच्या प्रदेशातले बिशप खुष्कीच्या मार्गाने येत होते आणि रखडले होते. आपण जवळ आलो आहोत, असा निरोप त्यांनी पाठवला होता. २१ जूनला ६८ बिशपांनी लेखी निषेध नोंदवला : ते येईपर्यंत थांबा. सम्राटाचा अधिकारीही हेच म्हणत होता. तरी २२ जूनला सिरिलने सभा उघडली आणि अध्यक्षस्थानी स्वतःच बसला. आरोप करणारा तोच, न्यायासनावरही तोच. नेस्टोरियसला बोलावणी गेली; सगळे जमल्याशिवाय येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच दिवशी त्याला पदच्युत करण्यात आलं. सुमारे दोनशे बिशपांनी सह्या केल्या आणि निकालपत्रात त्याला येशूला दगा देणाऱ्या शिष्याच्या नावावरून ‘नवा यहूदा’ म्हटलं गेलं. रात्री नगरवासीयांनी मशाली घेऊन बिशपांना मुक्कामापर्यंत पोचवलं.

सिरिलच्या बाजूचा बचाव असा की, उशीर झाला तर काम सुरू करा, असं अँटिऑककडूनच दोन बिशपांमार्फत कळवण्यात आलं होतं. शिवाय दोन आठवडे उलटले होते, उन्हाळा होता, माणसं आजारी पडत होती. पण चार दिवसांनी, २६ जूनला, अँटिऑकचा ताफा पोचलाच. इतक्या मोठ्या निकालासाठी चार दिवस थांबणं अशक्य नव्हतं. प्रस्तुत लेखकाच्या मते, सिरिलला मतांतराची सभा नकोच होती.

आलेल्यांनी लगेच वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत ठरवलं. रोमचे प्रतिनिधी जुलैमध्ये पोचले आणि सिरिलच्या बाजूला गेले. सम्राटाने आधी दोन्ही बाजूंच्या प्रमुखांना अटकेत ठेवलं. पुढे सिरिल अलेक्झांड्रियाला परतला. त्याच्या गोटातून दरबारातल्या वजनदार माणसांना सोनं आणि गालिचे पोचले. त्याची यादी असलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. नेस्टोरियसला आधी अँटिऑकजवळच्या मठात, मग इजिप्तच्या वाळवंटात हद्दपार करण्यात आलं. ४३३ मध्ये सिरिल आणि अँटिऑक यांच्यात समेट झाला, तो नेस्टोरियसला वगळून.

४४९ मध्ये सिरिलच्या वारसाने एफिससलाच तसाच डाव पुन्हा मांडला. राजधानीच्या बिशपला मारहाण झाली आणि त्यातून तो दगावला. ४५१ च्या कॅल्सेडनच्या सभेने हा वारस पदच्युत केला, एका ख्रिस्तात दोन स्वभाव हे सूत्र स्वीकारलं आणि राजधानीचा मान पुन्हा वाढवला. इजिप्तमधल्या बहुसंख्यांनी ते सूत्र मानलं नाही. कॉप्टिक ख्रिस्तसभा आजही मानत नाही.

या सगळ्यात पर्शियन साम्राज्यातल्या ख्रिस्ती मंडळींचा हात नव्हता. ४२४ मध्येच त्यांनी आपला धर्मप्रमुख पश्चिमेच्या पीठांपासून स्वतंत्र ठरवला होता. तरी अँटिऑकच्या विचारधारेशी नातं असल्याने ‘नेस्टोरियन’ हा शिक्का त्यांच्यावर बसला. मलबारच्या थॉमस ख्रिश्चनांकडे, म्हणजे केरळातल्या जुन्या ख्रिस्ती समाजाकडे, बिशप येत ते तिथूनच. त्यामुळे जून १५९९ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपने उदयंपेरूरला सभा भरवली, तेव्हा नेस्टोरियसचा धिक्कार झाला, बॅबिलोनच्या पॅट्रिआर्कचं, म्हणजे पर्शियाकडच्या त्याच धर्मप्रमुखाचं, नाव प्रार्थनेतून काढण्यात आलं आणि त्यांच्या उपासनेच्या सिरियाक भाषेतले ग्रंथ दुरुस्त करण्याचे किंवा जाळण्याचे आदेश निघाले. ३ जानेवारी १६५३ ला मट्टांचेरीत थॉमस ख्रिश्चनांची, जेझुइटांची सत्ता नाकारणारी, कुनन क्रूसाची शपथ झाली, तिच्यामागचा संताप या सभेपासून साठत आला होता.

नेस्टोरियसने हद्दपारीत लिहिलेलं समर्थन सिरियाक भाषांतरात टिकलं आणि १९१० मध्ये छापून आलं. त्याच्यावर लादलेली मतं त्याची होती का, याची चर्चा अभ्यासकांत त्यानंतर नव्याने सुरू झाली. ११ नोव्हेंबर १९९४ ला रोममध्ये पोप आणि त्या पर्शियन मंडळींची वारस असलेल्या पूर्वेच्या अ‍ॅसिरियन ख्रिस्तसभेचा पॅट्रिआर्क यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ‘देवाची माता’ आणि ‘ख्रिस्ताची माता’ ही दोन्ही संबोधनं एकाच श्रद्धेची रास्त रूपं असल्याचं त्यात मान्य केलं आहे.