आकाशगंगेच्या मध्यभागातील वृद्ध राक्षसी ताऱ्यांचा वस्तुमानऱ्हास

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात तांबडे राक्षसी तारे आपले बाह्य थर वायू आणि धुळीच्या संथ वाऱ्यातून अवकाशात सोडतात. या क्रियेला वस्तुमानऱ्हास म्हणतात. आकाशगंगेच्या मध्यफुगवट्यात असे तारे मोठ्या संख्येने आहेत आणि ते आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, सुमारे २६,७०० प्रकाशवर्षांवर आहेत. त्यामुळे ताऱ्याची दीप्ती (एकूण प्रकाशशक्ती) आणि त्याचा वारा यांचा संबंध तपासायला हा भाग सोयीचा ठरतो. मात्र वाटेतली धूळ आणि ताऱ्यांची दाटी यांमुळे मोजमाप अवघड जाते.

मराठवाड्यातून हा भाग वृश्चिकेची नांगी आणि धनू रास यांच्यामध्ये, म्हणजे मूळ आणि पूर्वाषाढा नक्षत्रांच्या मधल्या पट्ट्यात दिसतो. मध्यमंडळावर, म्हणजे आकाशात सर्वांत उंच, असताना त्याची क्षितिजापासूनची उंची छत्रपती संभाजीनगर येथून सुमारे ४१ अंश, तर लातूरहून साडेबेचाळीस अंश असते.

ताऱ्याची स्थिती. सूर्याच्या ०.८ ते ८ पट वस्तुमान घेऊन जन्मलेले तारे शेवटी ज्या अवस्थेत येतात तिला अनंतस्पर्शी राक्षसी शाखा, थोडक्यात एजीबी अवस्था, म्हणतात. केंद्रात कार्बन आणि ऑक्सिजनचा निष्क्रिय गाभा असतो, त्याभोवती हेलियमचे आणि हायड्रोजनचे असे दोन जळते थर असतात आणि त्यांबाहेर अभिसरणाने घुसळला जाणारा अवाढव्य थर असतो. पृष्ठभागाचे तापमान २,५०० ते ३,५०० केल्व्हिन, त्रिज्या सूर्याच्या दोनशे ते चारशे पट आणि दीप्ती सूर्याच्या काही हजार पट असते. इतक्या फुगलेल्या ताऱ्याच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण फारच दुबळे असते. तारा धडधडत असतो, म्हणजे ठरावीक काळाने प्रसरण-आकुंचन पावतो. दीर्घ आवर्तकाळाचे 'मिरा' जातीचे रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारे, तारे याच गटात येतात.

वारा कसा सुटतो. प्रत्येक स्पंदनासरशी आघात-तरंग वातावरणातून बाहेर जातो आणि वायू ताऱ्याच्या सुमारे दोन त्रिज्यांपर्यंत उचलला जातो. एकट्या स्पंदनाने तो सुटत नाही, बहुतेक वायू परत खाली येतो. पण उंचीवर तापमान १,००० ते १,५०० केल्व्हिनपर्यंत उतरते तेव्हा काही मूलद्रव्ये गोठून धूलिकण बनतात. ताऱ्याच्या प्रकाशाचा दाब या कणांना बाहेर ढकलतो आणि कण टक्करींमधून वायूला सोबत ओढतात. वाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण ५ ते २० किलोमीटर असतो. सौरवाऱ्याच्या शेकडो किलोमीटरांपुढे तो रेंगाळतच जातो म्हणायचा, पण त्यात वाहून जाणारे वस्तुमान लाखो-कोट्यवधी पट जास्त असते.

कोणती धूळ बनेल हे कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या प्रमाणावर ठरते. जे मूलद्रव्य कमी असेल ते सगळे कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकते आणि उरलेले धूळ बनवते. ऑक्सिजन जास्त असेल तर सिलिकेट व अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, कार्बन जास्त असेल तर काजळीसारखा कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइड. मध्यफुगवट्यात जवळपास सगळे तारे पहिल्या प्रकारचे आहेत. तिथले बहुसंख्य तारे म्हातारे आणि कमी वस्तुमानाचे असल्याने गाभ्याजवळचा कार्बन उपसून वर आणण्याची त्यांची क्षमता कमी असते. शिवाय जड मूलद्रव्यांसोबत मुळातच ऑक्सिजन भरपूर असल्यामुळे कार्बनचे पारडे सहसा जड होत नाही.

सिलिकेटच्या बाबतीत एक अडचण बराच काळ सुटत नव्हती. लोहयुक्त सिलिकेट कण प्रकाश शोषून तापतात आणि ताऱ्याजवळ टिकतच नाहीत. लोहविरहित कण टिकतात, पण निकट अवरक्त प्रकाशाला ते जवळजवळ पारदर्शक असतात. मग त्यांच्यावर दाब पडणार कसा? कण सुमारे ०.३ मायक्रोमीटरपर्यंत वाढले तर ते प्रकाश शोषण्याऐवजी विखुरतात आणि विखुरण्यातूनही पुरेसा दाब मिळतो, असे स्पष्टीकरण २००८ मध्ये पुढे आले. २०१२ मध्ये जवळच्या काही ताऱ्यांभोवती याच मापाचे कण ध्रुवित प्रकाशाच्या निरीक्षणांत आढळले.

ऱ्हासाचा दर. सूर्य सौरवाऱ्यातून वर्षाला स्वतःच्या वस्तुमानाच्या शंभर लाख कोटी भागांपैकी जेमतेम दोन-तीन भाग गमावतो. एजीबी ताऱ्यांत हा दर वर्षाला सूर्यवस्तुमानाच्या दहा कोटीव्या भागापासून दहा हजाराव्या भागापर्यंत जातो. दहा लाखावा भाग म्हणजे दर तीन वर्षांनी एक पृथ्वी बाहेर फेकणे.

अंदाजासाठी खगोलशास्त्रज्ञ रायमर्स यांचे १९७५ चे सूत्र अजूनही वापरले जाते. दीप्ती, त्रिज्या आणि वस्तुमान सूर्याच्या पटीत घ्यावे, दीप्ती व त्रिज्येच्या गुणाकाराला वस्तुमानाने भागावे आणि आलेल्या संख्येची चार पट करून तिला दहा लाख कोटींनी भागावे. शेवटी ०.४ च्या आसपासचा एक समायोजक गुणक लावावा. दीप्ती ३,०००, त्रिज्या २०० आणि वस्तुमान १ धरल्यास उत्तर वर्षाला सूर्यवस्तुमानाचा सुमारे एक कोटीवा भाग येते. हे सूत्र साध्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांसाठी ठीक आहे, एजीबीच्या शेवटाला ते फार कमी दर सांगते. तिथे व्हॅसिलियाडिस आणि वुड यांनी १९९३ मध्ये दिलेला आवर्तकाळाचा संबंध उपयोगी पडतो. त्यानुसार ३०० दिवसांच्या आवर्तकाळाला वर्षाला सुमारे साडेचार कोटीवा भाग, ४०० दिवसांना पंचवीस लाखावा आणि ५०० दिवसांना सव्वा ते दीड लाखावा भाग असा दर मिळतो. शंभर दिवस वाढले की दर सुमारे १८ पट होतो. ही वाढ अमर्याद चालत नाही, कारण प्रकाशकणांकडे द्यायला संवेग तेवढाच असतो. ५,००० सूर्यदीप्तीच्या आणि सेकंदाला १० किलोमीटर वाऱ्याच्या ताऱ्यात ही मर्यादा सुमारे एक लाखाव्या भागाशी येते. एकच फोटॉन अनेकदा विखुरला गेला तरच ती ओलांडता येते.

या शेवटच्या जोरदार टप्प्याला महावारा म्हणतात. तो आवरण संपवून टाकतो आणि उघडा पडलेला गाभा, मध्यफुगवट्याच्या नेहमीच्या ताऱ्यात सूर्याच्या सुमारे ०.५५ पट, श्वेत बटू म्हणून मागे राहतो. मधल्या थोड्या काळात काही तारे बिंबाभ्रिका (गाभ्याभोवतीचे झळाळते वायुकवच) म्हणून झळकतात.

मध्यभागाकडे पाहताना. मे महिन्यात मराठवाड्याच्या आकाशात धुरळा भरला की मावळतीचा सूर्य तांबूस आणि मंद होतो. आकाशगंगेच्या चकतीतली धूळ हेच करते, फक्त प्रमाण कल्पनेपलीकडचे आहे. थेट केंद्राच्या दिशेने दृश्य प्रकाशाचे शोषण सुमारे ३० प्रतींचे (प्रत म्हणजे तेज मोजण्याचे एकक), म्हणजे लाख कोटी प्रकाशकणांतला एखादा पोचतो. २.२ मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रकाशात मात्र सुमारे दहावा हिस्सा मिळतो. म्हणून हा विषय खऱ्या अर्थाने अवरक्त दुर्बिणींनीच उघडला. अपवाद आहे तो 'बाडेची खिडकी' या विरळ धुळीच्या पट्ट्याचा. केंद्रापासून सुमारे चार अंश दक्षिणेला, धनूतल्या गॅमा ताऱ्याजवळ तो आहे आणि १९४० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी त्यातून मध्यफुगवट्याचे तारे तपासले.

युरोपीय अवकाश संस्थेच्या आयएसओ या अवरक्त उपग्रहाने (नोव्हेंबर १९९५ ते १९९८) ७ आणि १५ मायक्रोमीटरवर आतल्या भागाचे सुमारे १६ चौरस अंश तपासले आणि जवळपास एक लाख स्रोत नोंदवले. या 'आयसोगॅल' सर्वेक्षणातून दिसले की धूळ फक्त टोकाच्या मिरा ताऱ्यांभोवती नसते. १५ मायक्रोमीटरवर थोडेसे अधिक तेज दाखवणारे, मंद वारा असलेले राक्षसी तारे मध्यफुगवट्यात भरपूर आहेत आणि जवळपास सगळे रूपविकारी आहेत. साधारण ६० ते ७० दिवसांहून कमी आवर्तकाळाच्या ताऱ्यांत मात्र असा धुळीचा वारा सहसा दिसत नाही.

मोजण्याच्या रीती. पहिली रीत रंगाची. धूळ गरम होऊन मध्य अवरक्तात चमकते, म्हणून ७ आणि १५ मायक्रोमीटर किंवा २.२ आणि १२ मायक्रोमीटर यांमधला प्रतींचा फरक जितका मोठा तितके आवरण जाड. ९.७ मायक्रोमीटरवरील सिलिकेटची खूण पातळ आवरणात उजळ दिसते, तर फार जाड आवरणात उलटी, शोषणाची होते. दुसरी रीत मेसरची, म्हणजे लेसरसारख्या वर्धित रेडिओ संकेताची. हायड्रॉक्सिल रेणूच्या १,६१२ मेगाहर्ट्झच्या संकेताला दोन शिखरे असतात, एक आपल्याकडे येणाऱ्या बाजूचे आणि एक पलीकडे जाणाऱ्या बाजूचे. त्यांच्यातला वेगाचा फरक सेकंदाला २८ किलोमीटर असेल तर वाऱ्याचा वेग सेकंदाला १४ किलोमीटर. दूरच्या बाजूचा चढउतार उशिरा पोचतो आणि तो उशीर २० दिवसांचा असेल तर आवरणाचा व्यास २० प्रकाशदिवस. अशी जाड धुळीतली, दृश्य प्रकाशात लपलेली मंडळी 'ओएच/आयआर (हायड्रॉक्सिल/अवरक्त) तारे' म्हणून ओळखली जातात. तिसरी रीत कार्बन मोनॉक्साइडच्या ११५ आणि २३० गिगाहर्ट्झच्या रेषांची. ती वायूच थेट दाखवते.

कुठे चुकते. पहिल्या रीतीत मोजली जाते धूळ, आणि छापले जाते एकूण वस्तुमान. मधला दुवा म्हणजे वायू आणि धूळ यांचे गृहीत धरलेले गुणोत्तर, बहुधा २००. धातुसमृद्ध (जड मूलद्रव्ये जास्त असलेल्या) ताऱ्यात ते १०० असेल, तर वाऱ्याचा वेग ठरवून काढलेला दर दुप्पट फुगलेला असतो. वेगही प्रारणगणितातूनच (धुळीतून प्रकाश कसा जातो याच्या गणितातूनच) काढला असेल तर चूक सुमारे १.४ पटीची. दोन तक्ते ताडून पाहताना आधी हे गुणोत्तर पाहावे, दर नंतर.

बाकीच्या चुका निरीक्षणाच्या आहेत. मिरा तारा २.२ मायक्रोमीटरवरही अर्धी ते एक प्रत बदलतो, ओएच/आयआर तारा त्याहून जास्त. एका वर्षीची निकट अवरक्त नोंद आणि दुसऱ्या वर्षीची मध्य अवरक्त नोंद जोडली की नसलेली धूळ दिसू लागते. दाटीमुळे शेजारचा तारा त्याच ठिपक्यात मिसळतो. उलट, व्हीव्हीव्ही या निकट अवरक्त सर्वेक्षणासारख्या खोल सर्वेक्षणांत हे तारे इतके तेजस्वी ठरतात की प्रतिमा संपृक्त होते आणि तिथली प्रत वापरण्याजोगी राहत नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांवर आंतरतारकीय ढगांची रेषा चढते आणि आतल्या भागातले तीव्र अतिनील प्रारण रेणूचे आवरण बाहेरून कुरतडत असल्याने दर कमी निघू शकतो. जोडीदार तारा असल्यास वारा कक्षेच्या प्रतलात दाटतो आणि गोल आवरण धरून काढलेला दर खऱ्यापेक्षा जास्त येतो. काही टोकाच्या ओएच/आयआर ताऱ्यांबाबत २०१९ मध्ये नेमके हेच दाखवण्यात आले.

अगदी केंद्राशी. सुमारे ४३ लाख सूर्यवस्तुमानाच्या कृष्णविवराच्या परिसरात राक्षसी ताऱ्यांचा वारा मोकळा राहत नाही. आयआरएस ७ या तांबड्या महाराक्षसी ताऱ्याच्या (तो एजीबी नव्हे) वायूला केंद्राच्या उलट दिशेने शेपटी फुटली आहे. याच भागातल्या वृद्ध ताऱ्यांच्या आवरणातले सिलिकॉन मोनॉक्साइडचे मेसर ४३ गिगाहर्ट्झवर रेडिओत दिसतात, आणि तेच तारे अवरक्तातही दिसतात. या सामाईक खुणांवर १९९७ मध्ये दोन्ही नकाशे जुळवले गेले, म्हणून अवरक्त प्रतिमेत कृष्णविवराची जागा नेमकी ठरवता आली.

मराठवाड्यातून निरीक्षण. केंद्र २० जूनच्या सुमारास रात्री साडेबाराला मध्यमंडळावर येते, आणि नेमका तेव्हाच पाऊस दाराशी असतो. म्हणून उपयोगी काळ दोनच: मार्च ते मे पहाटे, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात सूर्यास्तानंतरचे दोन-तीन तास. मेच्या धुरळ्यापेक्षा मार्चची पहाट बरी. ४ ते ६ इंची दुर्बिणीतून धनूच्या गॅमा ताऱ्याच्या वायव्येला अर्ध्या अंशाच्या थोडे पुढे एनजीसी ६५२२ हा तारकागुच्छ सापडतो. तो सापडला की आपण बाडेच्या खिडकीत आहोत. तिथले मिरा तारे एवढ्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर आहेत. औंढा नागनाथजवळची नियोजित लायगो-इंडिया वेधशाळाही या कामाची नाही, ती गुरुत्वीय लहरींसाठी आहे.

प्रतीचे अंदाज घेण्याचा सराव जवळच्या भाईबंदांवर करावा. तिमिंगलातला मिरा (३३२ दिवस) हिवाळ्यात, सिंहेत मघाच्या पश्चिमेला आर लिओनिस (सुमारे ३१० दिवस), आणि एप्रिल-मेमध्ये चित्राच्या थेट दक्षिणेला साधारण १२ अंशांवर आर हायड्री. शेवटच्याचा आवर्तकाळ १७०० च्या सुमारास जवळपास ४९५ दिवस होता, विसाव्या शतकात तो ३८५ पर्यंत उतरला. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिल्यास तो डोळ्याला उगाच तेजस्वी भासतो, म्हणून झटकन नजर टाकावी किंवा प्रतिमा किंचित धूसर करावी, आणि तुलनेचे तारे शक्यतो त्याच उंचीवरचे घ्यावेत.