केडन्सचा स्वस्त वायरलेस मीटर घेताय? आधी रेडिओ बघा

पेडल मिनिटाला किती फेरे घेतात, तो आकडा म्हणजे केडन्स. सरावलेल्या सायकलस्वाराचा सपाटीवर तो साधारण 80 ते 95 असतो, घाटात 60 पर्यंत उतरतो. जीपीएसला सायकलची जागा कळते, पायांचं काही कळत नाही. त्यामुळे क्रँकपाशी, म्हणजे पेडल ज्या दांड्यावर असतं तिथे, सेन्सर हवाच.

अगदी स्वस्तातले वायरलेस मीटर इथेच अडतात. त्यातले बरेचसे अॅनालॉग असतात. फोर्कवरचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचा सेन्सर चाकाच्या दर फेऱ्याला एक ठोका पाठवतो आणि तो जेमतेम 60-70 सेंटिमीटर पोचतो. हँडलपर्यंत तेवढं पुरतं, पण क्रँक त्याहून लांब. कॅटआयचा ‘स्ट्राडा केडन्स’ वायरचा आहे, त्यात नवल नाही. शिवाय हँडलवरच्या लुकलुकत्या एलईडी दिव्याचा गोंगाटही अॅनालॉग मीटर ठोका म्हणून मोजू शकतो. मग उभी सायकलही पळताना दिसते.

म्हणून केडन्स हवा असेल तर 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओवर चालणारा, अँट प्लस (सेन्सरसाठीची बिनतारी पद्धत) किंवा ब्लूटूथचा मीटर घ्या. यातला सेन्सर आतापर्यंतचे एकूण फेरे आणि शेवटचा फेरा कधी झाला ती वेळ, सेकंदाच्या 1024 व्या भागापर्यंत, पाठवत राहतो. मधला एखादा संदेश हुकला तरी पुढच्यातून हिशेब लागतो. दोन्ही असलेला सेन्सर उत्तम. ब्लूटूथचे अनेक सेन्सर एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात. खिशातल्या फोनने आधी जोडणी पकडली, तर मीटरला सेन्सर सापडतच नाही आणि दुकानदाराला उगाच फोन जातो. खोक्यावर ‘केडन्स सपोर्ट’ लिहिलंय म्हणजे आत सेन्सर आहे असं नव्हे; तो बहुतेकदा वेगळा घ्यावा लागतो, तेव्हा किंमत दोन्हींची मिळून बघा.

बिनचुंबकाचा सेन्सर डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला बसतो. पेडल हाताने उलटं फिरवून तो चेनस्टेला (क्रँकपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) घासत नाही ना, ते पाहा. सेन्सर बांधायच्या रबरावर भिस्त न ठेवता एक झिपटाय मारा. जोडणीआधी क्रँक चार-पाच वेळा फिरवा, कारण सेन्सर झोपलेला असतो. काही सेन्सर वेग किंवा केडन्स यांपैकी एकच मोजतात. सेल काढून परत घातला की मोड बदलतो. सेल बदलल्यावर केडन्स गायब झाला, तर आधी हेच तपासा.

चाकावरही सेन्सर लावलात तर परीघ नीट भरा. 700×25 टायरला 2105 मिलिमीटर, 700×28 ला 2136. चुकीचा भरलात तर 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये (ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये) जवळपास 3 किलोमीटरचा फरक पडतो. त्यापेक्षा व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खूण करा, सायकलवर बसून एक फेरा पुढे घ्या आणि टेपने मोजा. बसूनच, कारण वजनाने टायर दबतो.

सेन्सरचा सेल सहसा सीआर2032, म्हणजे नाण्यासारखा चपटा. पावसाळ्याआधी झाकणाची रबरी रिंग तपासा; ती चिरली असेल तर पाणी आत शिरून संपर्काची पट्टी गंजते.