पार्श्वभूमी : मारित व्हॅन युपेन यांची कारकीर्द आणि ऑलिम्पिकबाहेर गेलेला लाइटवेट गट

बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १७ ऑगस्ट २००८ रोजी महिलांच्या नौकानयनातील लाइटवेट डबल स्कल्सची (वजनाची मर्यादा असलेल्या दोघींनी प्रत्येकी दोन वल्ह्यांनी चालवायच्या नावेची) अंतिम शर्यत नेदरलँड्सच्या जोडीने जिंकली, तेव्हा त्या जोडीतील मारित व्हॅन युपेन ३८ वर्षांच्या होत्या आणि त्यांचा एकोणचाळिसावा वाढदिवस जेमतेम सव्वा महिन्यावर आला होता. डच महिलांनी नौकानयनात मिळवलेले ते पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक होय. दुसरे आठ वर्षांनी रिओमध्ये आले, तेही याच प्रकारात, पण वेगळ्या जोडीने. एका देशाच्या महिलांची पहिली दोन्ही सुवर्णपदके ज्या प्रकाराने दिली, तो प्रकार पॅरिस २०२४ नंतर ऑलिम्पिकच्या कार्यक्रमातून वगळण्यात आला आहे. व्हॅन युपेन यांच्या कारकिर्दीतील चढउतार, मधली तीन वर्षे आणि शेवटचे यश यांचा अर्थ लावायचा, तर या गटाचे नियम आणि त्याभोवती उठलेला वाद यांकडे वळावेच लागते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. महिलांची पहिली अधिकृत युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या बोसबान या कृत्रिम जलमार्गावर भरली. ऑलिम्पिकमध्ये महिलांना प्रवेश १९७६ मध्ये मिळाला, पण त्यांच्यासाठी अंतर १००० मीटरचेच ठेवण्यात आले आणि पुरुषांइतके २००० मीटर अंतर १९८८ पासून लागू झाले. डच महिलांनी १९८४ मध्ये डबल स्कल्समध्ये रौप्य आणि आठ जणींच्या नावेत कांस्य मिळवले. पुढे अटलांटा आणि सिडनी येथेही त्या पदकांपर्यंत पोहोचल्या. सुवर्ण मात्र हुलकावणी देत राहिले.

लाइटवेट गटाचा उगम एका साध्या निरीक्षणात आहे. वल्ह्यावर लावलेली ताकद शरीराच्या आकाराबरोबर वाढते आणि जड शरीरामुळे नाव थोडी अधिक बुडून पाण्याचा विरोध वाढला, तरी तो त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे वजनाची मर्यादा नसलेल्या खुल्या गटात उंच आणि धिप्पाड खेळाडूंचे पारडे नेहमीच जड राहते. मध्यम बांध्याच्या माणसालाही या खेळात जागा असावी, या विचाराने जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पुरुषांसाठी १९७४ पासून आणि महिलांसाठी १९८५ पासून वजनाची मर्यादा असलेल्या शर्यती होऊ लागल्या. ऑलिम्पिकमध्ये हा गट १९९६ साली अटलांटा येथे आला आणि महिलांच्या वाट्याला त्यातला एकच प्रकार आला, डबल स्कल्स. सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकटीने चालवायच्या नावेत, जागतिक विजेतेपद होते, पण ऑलिम्पिक नव्हते.

व्हॅन युपेन यांच्या बाबतीत ही बाब निर्णायक ठरली, म्हणून नियमाचा तपशील नीट पाहणे आवश्यक आहे. महिलांच्या लाइटवेट गटात कोणाही एकीचे वजन ५९ किलोपेक्षा जास्त असता कामा नये, आणि जोडीचे सरासरी वजन ५७ किलोच्या वर जाता कामा नये. म्हणजे दोघींचे मिळून ११४ किलो. सिंगल स्कल्समध्ये सरासरीचा प्रश्नच नसल्याने ५९ किलोची खेळाडू निर्धास्तपणे उतरू शकते, पण तीच खेळाडू डबल स्कल्समध्ये उतरली, तर एक तर तिने दोन किलो कमी करायचे, नाही तर ५५ किलोची जोडीदार शोधायची. एकीचे वजन अर्धा किलो वाढले, की तेवढाच अर्धा किलो दुसरीने उतरवायचा. शर्यतीच्या प्रत्येक दिवशी, पहिल्या शर्यतीच्या दोन तास ते एक तास आधी, दोघींना काट्यावर उभे राहावे लागे. प्राथमिक फेरी, गरज पडल्यास रेपेशाज (हरलेल्यांना पुन्हा संधी देणारी फेरी), उपांत्य आणि अंतिम फेरी असा आठवडाभराचा क्रम असल्यामुळे एकदा वजन उतरवून मोकळे होण्याची सोय इथे नव्हती.

सिडनीत २००० साली व्हॅन युपेन आणि त्यांची जोडीदार अंतिम फेरीत पोहोचल्या आणि सहाव्या आल्या. त्या काळात या प्रकारावर रुमानियाची एकहाती सत्ता होती. १९९६, २००० आणि २००४ ही तिन्ही सुवर्णपदके त्याच देशाने नेली आणि तिन्ही वेळा नावेतील एक खेळाडू तीच होती. अथेन्स ऑलिम्पिकमध्ये, मॅरेथॉन गावाजवळच्या स्किनियास येथील जलमार्गावर, रुमानिया आणि जर्मनीच्या मागे राहून डच जोडीने कांस्यपदक मिळवले. व्हॅन युपेन तेव्हा ३४ वर्षांच्या होत्या. जोडीदाराने स्पर्धात्मक नौकानयन थांबवले. बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत कारकिर्दीची कहाणी इथेच पूर्ण झाली असती.

पुढची तीन वर्षे मात्र त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत भरघोस वर्षे ठरली, आणि या नोंदीत मला सर्वांत महत्त्वाची वाटतात ती हीच. व्हॅन युपेन यांनी लाइटवेट सिंगल स्कल्समध्ये २००५ साली जपानमधील गिफू येथे, २००६ साली इंग्लंडमध्ये ईटन येथे आणि २००७ साली म्युनिकमध्ये सलग तीन जागतिक विजेतेपदे मिळवली. पस्तिशी उलटल्यावर, जोडीदाराशिवाय, ऑलिम्पिकमध्ये ज्याला स्थानच नाही अशा प्रकारात मिळवलेली ही हॅटट्रिक आहे. ऑलिम्पिक पदकांच्या तक्त्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या लेखी ही वर्षे रिकामी दिसतात आणि त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात ती एका ओळीत उरकली जातात. माझ्या मते हा अन्याय आहे. एकटीने नाव चालवताना वेग राखणारी दुसरी पाठ समोर नसते आणि चूक वाटून घ्यायलाही कोणी नसते. बीजिंगमध्ये जी खेळाडू दिसली, ती या तीन वर्षांत घडली होती.

बीजिंगच्या आधी जुनी जोडीदार परतली आणि अथेन्सची जोडी पुन्हा जमली. शुनयीच्या जलमार्गावरील अंतिम शर्यतीत त्यांनी ६ मिनिटे ५४.७४ सेकंदांची वेळ देऊन फिनलंड आणि कॅनडाला मागे टाकले. आदल्याच दिवशी त्याच पाण्यावर महिलांच्या खुल्या गटातील डबल स्कल्सची विजेती जोडी ७ मिनिटे ७.३२ सेकंदांत आली होती. यावरून हलकी जोडी अधिक वेगवान होती असे म्हणता येत नाही, कारण वाऱ्याची दिशा बदलली की २००० मीटरमध्ये दहा-पंधरा सेकंदांचा फरक सहज पडतो. पण लाइटवेट म्हणजे दुय्यम दर्जाची शर्यत, असे वेळांकडे बोट दाखवून सांगणाऱ्यांनी ही दोन आकडेवारी शेजारी ठेवून पाहावी.

आता वादाच्या मुद्द्याकडे. लाइटवेट गट ऑलिम्पिकमधून एका फटक्यात गेला नाही. तो टप्प्याटप्प्याने काढला गेला. २०१७ साली टोकियोत झालेल्या विशेष सभेत खेळाच्या जागतिक संघटनेने पुरुषांची लाइटवेट चौकडी (चौघांच्या नावेची शर्यत) वगळण्याचा आणि तिच्या जागी महिलांची खुल्या गटातील चौकडी आणण्याचा निर्णय घेतला. पुरुष आणि महिला यांच्या शर्यतींची संख्या सारखी, म्हणजे सात-सात, करायची होती आणि शर्यतींची एकूण संख्या वाढवण्यास वाव नव्हता. हेतू योग्य होता, यात शंका नाही. डच महिलांनाच त्याचा थेट लाभ झाला. त्याच नव्या प्रकारात त्यांनी टोकियोत रौप्य आणि पॅरिसमध्ये सुवर्ण मिळवले. पण समानतेची किंमत मोजण्यासाठी खुल्या गटातील एकाही शर्यतीला हात लागला नाही, हेही नोंदवायला हवे.

उरलेल्या दोन लाइटवेट शर्यतींच्या जागी समुद्रकिनाऱ्यावरील शर्यती आणाव्यात, असा प्रस्ताव पॅरिससाठी पुढे आला. ऑलिम्पिकचे नियमन करणाऱ्या समितीने तो २०२० च्या अखेरीस नाकारला आणि त्यामुळे लाइटवेट गटाला आणखी एक ऑलिम्पिक लाभले. लॉस एंजेलिस २०२८ साठी मात्र बदल पक्का झाला. ही मान्यता ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या त्याच समितीच्या बैठकीत देण्यात आली. क्रिकेटच्या ऑलिम्पिक पुनरागमनावर शिक्कामोर्तबही त्याच दिवसांत मुंबईतच झाले. साहजिकच आपल्याकडच्या वृत्तपत्रांत क्रिकेटने रकाने भरले आणि नौकानयनातील बदलाची फारशी दखल घेतली गेली नाही.

वगळण्याच्या बाजूने तीन कारणे दिली गेली. पहिले असे, की वजनगट कुस्ती, बॉक्सिंग, ज्यूदो यांसारख्या द्वंद्वाच्या खेळांत आणि भारोत्तोलनात समजण्याजोगे आहेत, इतरत्र नाहीत. हे कारण मला पटत नाही. द्वंद्वात वजनगट ठेवण्यामागे सुरक्षितता आहे हे मान्य, पण भारोत्तोलनात कोणी कोणाला भिडत नाही. तिथे वजनगट आहेत ते निव्वळ शरीराच्या आकाराने ताकद ठरते म्हणून, आणि नौकानयनातही नेमके हेच घडते.

दुसरे कारण आरोग्याचे आहे आणि त्याला वजन आहे. वजनकाट्याच्या आदल्या रात्री पाणी टाळणे, सॉना, जाड कपडे घालून धावणे हे प्रकार या गटात सर्रास चालत. दीर्घकाळ अपुरा आहार घेऊन कठोर सराव केल्यास महिला खेळाडूंमध्ये मासिक पाळी अनियमित होणे, हाडे ठिसूळ होणे आणि वल्हवण्याच्या ताणाने बरगड्यांना बारीक तडे जाणे, असे त्रास संभवतात. ५७ किलोची मर्यादा ज्यांच्या मूळ शरीरयष्टीला साजेशी आहे, त्यांच्यासाठी हा गट वरदान होता. ज्यांचे शरीर ६२-६३ किलोवर स्थिरावते, त्यांच्यासाठी तो शिक्षा ठरू शकत होता. पण यावरचे उपाय उपलब्ध होते आणि तेही वजनगट न मोडता करता येण्यासारखे होते. वर्षभरातील वजनाच्या चढउतारावर देखरेख ठेवता आली असती किंवा किमान शारीरिक चरबीची अट घालता आली असती. हे उपाय पुरेसे आजमावण्याआधीच गट बंद करण्यात आला, हा माझा आक्षेप आहे. व्हॅन युपेन यांनी या गटात आठ वर्षांच्या काळात तीन ऑलिम्पिक अंतिम फेऱ्या गाठल्या. शरीराला सतत ओरबाडून ते साधत नाही, असे मला वाटते.

तिसरे कारण सर्वांत गुंतागुंतीचे आहे. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील, सरासरी उंची कमी असलेल्या देशांना खेळात सामावून घेता यावे, असे सांगून हा गट ऑलिम्पिकमध्ये आणला गेला होता. तसे झाले का? महिलांच्या लाइटवेट डबल स्कल्समध्ये १९९६ ते २०२४ या आठ ऑलिम्पिकमध्ये २४ पदके दिली गेली. त्यांतील १७ युरोपकडे गेली, चार अमेरिका आणि कॅनडाकडे, दोन चीनकडे आणि एक ऑस्ट्रेलियाकडे. आठही सुवर्णपदके युरोपची आहेत : रुमानिया तीन, नेदरलँड्स दोन, ब्रिटन दोन, इटली एक. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्या वाट्याला एकही नाही. पदकांवरून निवाडा करायचा, तर टीकाकारांचे म्हणणे खरे ठरते. परंतु पदक हे सहभागाचे एकमेव माप नव्हे. टोकियोत पुरुषांच्या लाइटवेट डबल स्कल्समध्ये भारतीय जोडी अकरावी आली आणि ऑलिम्पिकमधील भारताची ती तोवरची सर्वोत्तम कामगिरी ठरली. त्याआधी रिओमध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या एका लष्करी जवानाने खुल्या गटातील सिंगल स्कल्समध्ये तेरावा क्रमांक मिळवला होता. त्याच्यासारखी उंची आणि ताकद लाभलेले खेळाडू आपल्याकडे थोडे आहेत. लाइटवेटचे दार बंद झाल्याची झळ ॲमस्टरडॅमपेक्षा पुण्याच्या लष्करी नौकानयन केंद्राला अधिक लागणार आहे.

डच महिलांचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. रिओत सुवर्ण मिळवलेल्या जोडीतील एक खेळाडू टोकियोत नव्या जोडीदारासह उतरली. ती अंतिम शर्यत या प्रकाराच्या इतिहासातील सर्वांत चुरशीची होती. पहिल्या चार नावा अर्ध्या सेकंदाच्या आत आल्या. अखेरच्या मीटरांत वल्हे नीट न निघाल्याने डच जोडीचा वेग मोडला, इटली आणि फ्रान्स पुढे गेले, आणि ब्रिटनला केवळ शतांश सेकंदाने मागे ठेवत डच जोडीने कांस्यपदक राखले. पॅरिसमध्ये मात्र डच महिलांनी खुल्या गटात सिंगल स्कल्स, दोघींची एकेका वल्ह्याची नाव आणि चौकडी अशी तीन सुवर्णपदके एकाच ऑलिम्पिकमध्ये जिंकली. नेदरलँड्सला लाइटवेटची गरज उरलेली नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. तो देशाच्या पदकसंख्येपुरता खरा आहे. ५७ किलो वजनाच्या डच मुलीपुरता तो खरा नाही, कारण पॅरिसच्या त्या तिन्ही नावांत तिला जागा मिळाली नसती.

लॉस एंजेलिसमध्ये नौकानयनाच्या एकूण १५ शर्यती होतील. त्यांतील तीन समुद्रकिनाऱ्यावर होतील. खेळाडू वाळूवरून धावत नावेत चढतील, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांना वळसे घालत समुद्रात जाऊन परत येतील आणि पुन्हा धावत अंतिम रेषा गाठतील. या शर्यती काही मिनिटांतच संपतात आणि त्यांत चपळाईला महत्त्व असले, तरी वजनाची मर्यादा नाही. शांत पाण्यावरील उरलेल्या १२ शर्यती लाँग बीच येथे होतील. १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये तिथे २००० मीटरच्या शर्यती झाल्या होत्या, परंतु त्या जलमार्गावर नंतर पूल बांधला गेल्याने आता १५०० मीटरच अंतर मिळते. अंतर एक चतुर्थांशाने घटले, की दमसासापेक्षा निव्वळ ताकदीचा वाटा वाढतो. हलक्या खेळाडूंनी खुल्या गटात उतरून पाहावे, असा सल्ला आता दिला जात आहे, आणि त्यांची पहिली ऑलिम्पिक परीक्षा होणार आहे ती याच आखूड अंतरावर.