अभयारण्यातलं गाव आणि नमुना ‘क’: जंगलाच्या कारभाराचा दावा कसा करायचा

गाव अभयारण्यात आहे, म्हणून तिथे वनहक्क कायदा लागू नाही, असं गावकऱ्यांना बिनदिक्कत सांगितलं जातं. ते खरं नाही. २००६ च्या या कायद्यात वनजमिनीच्या व्याख्येतच अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं येतात.

अर्जाला हात घालण्याआधी नमुना बघा. ‘अ’ वैयक्तिक दाव्याचा. ‘ब’ चराई, मासेमारी, निस्तार (म्हणजे घरच्या गरजेपुरतं जळण, लाकूड, चारा घेणं) अशा सामूहिक वापराचा. जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचा कारभार पाहण्याचा हक्क मागायचा तो नमुना ‘क’ वर. तो २०१२ च्या नियमदुरुस्तीत आला. नुसता ‘ब’ भरून थांबलात, तर मोहफुलं वेचाल, पण कारभारात तुमचं म्हणणं चालायला ‘क’च लागतो. अर्जाचे नमुने मोफत मिळायला हवेत.

दावा ग्रामसभेचा असतो, कुणा एकाचा नव्हे. अनुसूचित जमातींखेरीज इतर वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. सभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. हीच सभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते.

आता कागदपत्रं. इथे घाई नको. किमान दोन पुरावे लागतात. निस्तारपत्रक (गावाच्या निस्ताराची सरकारी नोंद), गॅझेटियर, जुने नकाशे, वनविभागाच्या कार्य आयोजना (जंगलातल्या कामांचे आराखडे) हे झाले सरकारी पुरावे. पण देवराई, पाणवठे, गुरं चारायच्या वाटा, स्मशानभूमी, कंदमुळं नि औषधी वनस्पती गोळा करण्याच्या जागा, हेही नियमांनी मान्य केलेले पुरावे आहेत. वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तोही चालतो, मात्र जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा. माझ्या मते खरं काम नकाशाचं. शेजारच्या गावांना बोलावून पारंपरिक सीमा एकत्र फिरा, ओढे आणि टेकड्यांची नावं लिहा. पुढे वाद निघतो तो बहुधा इथेच.

समितीने वनविभागाला आगाऊ कळवून जागेची पडताळणी करायची. मग ग्रामसभेचा ठराव, तिथून दावा उपविभागस्तरीय समितीकडे आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे. उपविभागाच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. दावा नाकारला तर कारणं लेखी मागा. तोंडी नकाराला अर्थ नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला, तेव्हा नमुना ‘क’ नव्हताही. हक्कपत्र हाती आलं की ग्रामसभेने व्यवस्थापन समिती नेमून आराखडा करायचा. वनविभागाच्या आराखड्याशी तो जोडला जातो, पण त्यासाठी काय बदल करायचे, हे गावाची समितीच ठरवते.