पांढऱ्या काठीच्या आत

हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हौसेखातर रेडिओ केंद्र चालवणाऱ्यांच्या, छपरावर फायबरग्लासची उंच पांढरी काठी दिसली, की आत बहुधा कोलिनियर अँटेना असतो. कोलिनियर म्हणजे एका रेषेतला: अर्ध्या तरंगलांबीचे तुकडे एकावर एक उभे केलेले. 145 मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे 2.07 मीटर, म्हणजे एक तुकडा जेमतेम मीटरभर.

मग सरळ चार मीटरची तारच का उभी करू नये? कारण तारेतला प्रवाह दर अर्ध्या तरंगलांबीला दिशा उलटतो. खालच्या तुकड्यात तो वर जात असेल, तर त्याच्यावरच्यात खाली. क्षितिजाच्या दिशेने दोघांच्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात आणि शक्ती तिरकी वर-खाली निघून जाते. सगळी खुबी हे उलट पुन्हा सुलट करण्यात आहे. मार्कोनी कंपनीतल्या चार्ल्स फ्रँकलिन यांच्या रचनेत उलट्या प्रवाहाचा भाग घडी घालून ठेवतात. घडीच्या दोन बाजूंचे प्रवाह एकमेकांना मारतात, त्यामुळे तो भाग प्रसारण करतच नाही. हौशी मंडळी बऱ्याचदा कोॲक्सियल केबलच (आत तार, तिच्याभोवती धातूची जाळी) कापतात आणि प्रत्येक सांध्यावर आतली तार पुढच्या तुकड्याच्या जाळीला, जाळी आतल्या तारेला जोडतात. साध्या पॉलिएथिलीनच्या केबलमध्ये लहर प्रकाशाच्या 66 टक्के वेगाने धावते, म्हणून इथे तुकडा मीटरभराचा नाही, 68 सेंटिमीटरचा. हा 0.66 विसरलात तर अँटेना दिसेल झकास, चालणार मात्र नाही.

अँटेनाचा गेन, म्हणजे एका दिशेने वाढलेला जोर, ही जादा शक्ती नव्हे. आकाशात आणि जमिनीत जाणारी शक्ती आडवी वळवलेली असते, इतकेच. एका डायपोलचा, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीच्या एकट्या तुकड्याचा, झोत उभ्या दिशेत 78 अंश रुंद असतो. दोन तुकड्यांचा सुमारे 48. तुकडे दुप्पट झाले की 3 डेसिबल (म्हणजे दुप्पट शक्ती) मिळावेत असे वाटते. पण टोकाला टोक लागलेले तुकडे एकमेकांच्या प्रभावात असतात, म्हणून दोघांत मिळून डायपोलपेक्षा दोन डेसिबलहूनही थोडे कमीच मिळतात.

बारीक झोताचे दुखणेही असते. डोंगरमाथ्यावर असा लांबलचक अँटेना लावला, तर पायथ्याचा माणूस झोताखालीच राहतो. खालच्या टोकातून शक्ती पुरवली असेल आणि वारंवारता ठरल्यापेक्षा सरकली, तर फेजमधली (तुकड्यांतल्या लहरींच्या तालातली) चूक प्रत्येक सांध्यागणिक साचत जाते आणि झोत वर किंवा खाली झुकतो. अँटेनाकडून परत फिरणारी शक्ती तपासणारा एसडब्ल्यूआर मीटर मात्र सगळे आलबेल असल्याचेच दाखवू शकतो.

माझे मत विचाराल, तर काठी लांबवण्याआधी ती उंच चढवा. मोकळ्या सपाटीवर 9 मीटर उंचीवरून रेडिओ क्षितिज, म्हणजे लहर थेट पोचते ती हद्द, सुमारे 12 किलोमीटरवर असते, 36 मीटरवरून सुमारे 25. फक्त तिथवर नेणारी केबल जाड घ्या. 435 मेगाहर्ट्झला 20 मीटर बारीक आरजी-58 केबल निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच खाते, म्हणजे दोन तुकड्यांनी मिळवलेले सगळे आणि वर आणखी काही.