रोटेटर कफ शिवता येत नाही तेव्हा : सांधा राखणाऱ्या शस्त्रक्रियांची पार्श्वभूमी

वेणी घालायला हात डोक्यामागे जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही आणि एमआरआय पाहून डॉक्टर सांगतात, "रोटेटर कफ फाटलाय, आता शिवता येणार नाही." रोटेटर कफ म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या कंडरा. डॉक्टरांचं हे बोलणं ऐकलेल्या माणसाला वाटतं, सांधा बदलण्याशिवाय गत्यंतर नाही. तसं नेहमीच नसतं.

बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ मध्ये अशी फाटलेली कंडरा टाके घालून जोडली आणि १९११ मध्ये त्याबद्दल लिहिलं. पण फाट जुनी झाली की कंडरा आत ओढली जाते, स्नायू रोडावतो आणि त्याच्या धाग्यांत चरबी शिरते. फ्रान्सच्या गुतालिए यांनी १९९४ मध्ये सीटी स्कॅनवरून या चरबीच्या पायऱ्या ठरवल्या. चरबी आणि स्नायू निम्मेनिम्म झाले की तिसरी, चरबी वरचढ झाली की चौथी. विरलेल्या लुगड्याला टाका घातला की कापडच फाटतं, तशी इथे गत होते.

मग सर्जनांनी प्रश्नच बदलला. टेक्सासचे स्टीफन बर्कहार्ट यांचं म्हणणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. झुलत्या पुलाचा भार कडेच्या जाड दोरांवर असतो, तसा कफचा भार फाटेच्या जाड कडांवर असतो. पुढच्या आणि मागच्या स्नायूंनी दंडाच्या हाडाचा गोळा वाटीत दाबून धरला, तर वर भोक राहिलं तरी हात उचलता येतो. म्हणून कडा जमतील तेवढ्याच जोडायच्या. ही अर्धवट दुरुस्ती त्यांनी १९९४ मध्ये मांडली.

लियाँच्या जिल वाल्श यांना वेगळंच दिसलं होतं. बायसेप्सची, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूची, लांब कंडरा आपोआप तुटली की काही रुग्णांचं दुखणंच कमी व्हायचं. मग दुर्बिणीतून ती मुद्दाम कापायला सुरुवात झाली. २००५ मध्ये त्यांच्या गटाने अशा ३०७ खांद्यांचा अनुभव छापला. वेदना कमी झाल्या, पण सांध्याची झीज थांबली नाही. दंडावर स्नायूचा गोळा दिसू शकतो, हेही रुग्णाला आधी सांगायला हवं.

ताकद परत हवी, तर पाठीचा स्नायू वळवून दंडाच्या हाडाला जोडण्याची क्रिश्चियन गर्बर यांची पद्धत १९८८ पासून आहे. जपानच्या मिहाता यांनी मांडीच्या स्नायूंवरच्या आवरणाची पट्टी खांद्याच्या वरच्या बाजूला शिवली. २०१३ च्या त्यांच्या २४ खांद्यांत हात उचलण्याचा कोन सरासरी ८४ अंशांवरून १४८ वर गेला.

कफ आणि खांद्याच्या वरच्या हाडामध्ये खारट पाण्याने भरलेला, पुढे विरघळून जाणारा फुगा ठेवण्याची कल्पनाही आली. ब्रिटनमध्ये ११७ रुग्णांवर चाचणी झाली. सगळ्यांच्या खांद्याची दुर्बिणीतून साफसफाई केली, गरज होती तिथे बायसेप्सची कंडरा कापली, व्यायामही सारखेच दिले. जवळपास निम्म्यांना फुगाही बसवला. २०२२ मध्ये निकाल छापून आला : ज्यांची नुसती साफसफाई झाली होती, तेच अधिक बरे होते.