हात हलणारच

"हात हलू दे गं. साइट हलवू नकोस."

सरांचं हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला त्याचा अर्थच लागला नाही. लेक रेंजवर उभी होती, उजवा हात सरळ पुढे, हातात किलोभर वजनाचं एअर पिस्तूल, डावा हात पँटच्या खिशात. मी मागच्या बाकावरून पाहत होते आणि पिस्तुलाचं टोक हलताना मला तिथूनही दिसत होतं. तिची सगळी धडपड ते हलणं थांबवायची. दात आवळलेले, खांदा वर आलेला. आणि सर म्हणतात, हलू दे!

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, पुण्याच्या बालेवाडीत सराव करणाऱ्या आणि मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये रायफलचं कांस्य जिंकलं. त्याच्या चारच दिवस आधी मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य मिळवलं होतं. लेकीनं हट्ट धरला तो तेव्हा. तिच्याबरोबर रेंजवर जाता जाता मीही शिकू लागले आणि सरांचं ते वाक्य मला हळूहळू उलगडत गेलं. त्यात शरीरशास्त्र आहे, भूमिती आहे आणि डोळ्याचं विज्ञानही आहे.

आधी लक्ष्य किती लहान असतं ते सांगते. १० मीटर म्हणजे पुण्यातल्या पीएमपीच्या मोठ्या बसच्या लांबीपेक्षा थोडं कमी अंतर. तिथे १७ सेंटीमीटर बाजूचं चौकोनी कार्ड, त्यावर ५९.५ मिलिमीटर व्यासाचा काळा गोल. त्याच्या मधोमध दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. त्याच्याही आत ५ मिलिमीटरचं, मुगाच्या दाण्याएवढं. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. मोठ्या स्पर्धेत असे ६० नेम ७५ मिनिटांत, एका हातानं, कशाचाही टेकू न घेता.

आता हाताकडे येऊ. निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा थरथरतो. स्नायूतले तंतू सगळे एकदम काम करत नाहीत. त्यांचे गट पाळीपाळीनं आकसतात आणि या पाळ्या जुळत नाहीत, म्हणून कंप. त्यात हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा हलका धक्का आणि श्वासाबरोबर छातीचं वरखाली होणं. यातला श्वास तेवढा काही सेकंद रोखता येतो. बाकीचं हलणं सरावानं कमी होतं, पण शून्यावर येत नाही. हृदयाची धडधड आणि कंप कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधं नेमबाजीत स्पर्धेच्या दिवशीच नव्हे, एरवीही वर्ज्य आहेत ती याचसाठी. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूच्या चाचणीत प्रोप्रानोलॉल हे असंच औषध सापडलं आणि त्याची दोन्ही पदकं काढून घेतली गेली.

मग हलणाऱ्या हातानं बटणाएवढ्या वर्तुळात छर्रा जातो कसा?

इथे भूमिती कामाला येते, आणि मला सगळ्यात सुंदर वाटला तो हाच भाग. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला एक चौकोनी खाच असते, ती मागची साइट. पुढच्या टोकाला एक उभी पट्टी, ती पुढची साइट. पट्टी खाचेच्या बरोबर मधोमध दिसायला हवी, दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या फटी, आणि वरच्या कडा एका रेषेत. दोन साइटमधलं अंतर ३३ सेंटीमीटर धरू.

समजा साइट एकमेकींशी अगदी जुळलेल्या आहेत, पण हाताच्या थरथरीनं अख्खं पिस्तूल आहे तसं ५ मिलिमीटर उजवीकडे सरकलं. नळीची दिशा बदललेली नाही, ती फक्त बाजूला गेली. कार्डावरही छर्रा ५ मिलिमीटरच बाजूला लागणार. छर्र्याची कड वर्तुळाला नुसती टेकली तरी तो गुण मिळतो. म्हणून छर्र्याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत भरकटला तरी दहाच. म्हणजे इथे दहा.

आता उलट करू. हात दगडासारखा स्थिर आहे, पण मनगट जरासं वळलं आणि पुढची पट्टी खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली. आता बिघडला तो कोन. ३३ सेंटीमीटरला १ मिलिमीटर, तर १० मीटरला ३० मिलिमीटर. छर्रा थेट सात गुणांच्या वर्तुळात. पाच मिलिमीटरची चूक माफ होते, एक मिलिमीटरची तीन गुण घेऊन जाते! लेकीला मी हे डब्याच्या पोळीवर लाटणं धरून दाखवलं. लाटणं अख्खं सरकवलं तर टोक तेवढंच सरकतं, पण मागचं टोक धरून जरासं वळवलं तर पुढचं टोक कुठल्या कुठे जातं.

हे एकदा पटलं की डोळ्यानं कुठे पाहायचं याचं उत्तरही मिळतं. डोळ्यातलं भिंग एका वेळी एकाच अंतरावर नीट जुळतं. मागची साइट, पुढची साइट आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी तीन अंतरांवर, त्यातली एकच स्पष्ट दिसणार. नवख्याची नजर आपसूक काळ्या गोलावर जाते, कारण मारायचं तिथे असतं. पण महागात पडणारी चूक घडते ती साइटमध्ये. म्हणून पुढची पट्टी धारदार दिसली पाहिजे आणि गोल धुरकट. माझ्यासारख्या चाळिशी लागलेल्यांना इथे अडचण येते. वाचायच्या चष्म्यानं फार जवळचं दिसतं, लांबच्या चष्म्यानं फार दूरचं, आणि पट्टी नेमकी हातभर अंतरावर. त्यासाठी वेगळ्या नंबरचं भिंग लागतं. नेमबाजांच्या चष्म्यावर बारीक भोकाची चकतीही असते. तिचं काम घरी पाहता येईल. चष्मा काढा, मूठ वळून तिच्या बारीक फटीतून भिंतीवरचं घड्याळ पाहा, आकडे जास्त स्पष्ट दिसतात. भोक लहान झालं की जवळचं आणि लांबचं दोन्ही थोडं थोडं नीट दिसू लागतं.

फार वेळ टक लावण्यातही अर्थ नाही. एकाच बिंदूवर नजर खिळवली की कडेची चित्रं विरत जातात, हे ट्रॉक्सलर या स्विस वैद्यानं १८०४ मध्येच नोंदवलं होतं. शिवाय खांदा थकला की कंप वाढतो. म्हणून काही सेकंदांत छर्रा सुटला नाही तर हात खाली घ्यायचा. हे मुलांना सगळ्यात जड जातं, आणि मोठ्यांनाही. इतका वेळ धरलंय तर मारूनच टाकू, असं वाटतं. तो नेम हमखास वाया जातो.

शेवटी ट्रिगर. साइट अगदी जुळलेली दिसली की मन ओरडतं, "आत्ता!" पण डोळ्यानं पाहून बोट हलेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात. सेकंदाला दहा वेळा थरथरणारा हात तेवढ्यात दोनदा इकडून तिकडे जाऊन आलेला असतो. पाहिलेला क्षण केव्हाच सरला. वर त्या घाईत बोट झटका देतं. नियमानुसार ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागतो. किलोभराच्या पिस्तुलाला अर्ध्या किलोचा झटका बसला की नळीचं तोंड वळणारच. उजव्या हाताच्या नवशिक्याचं कार्ड पाहिलं की बऱ्याचदा छर्रे खाली डावीकडे गोळा झालेले दिसतात, ते यामुळे. उपाय एकच, दाब सावकाश वाढवत न्यायचा आणि छर्रा नेमका कधी सुटेल हे स्वतःला ठरवू द्यायचं नाही. सुटल्यावरही हात क्षणभर तसाच ठेवायचा, कारण बोट दाबून झालं तरी छर्रा आणखी काही क्षण नळीतच असतो.

शिस्तीबद्दल थोडक्यात, पण ती सगळ्यात आधी शिकवतात. नळीचं तोंड नेहमी लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. पिस्तूल रिकामं असलं की नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग. पॉइंट टू टूच्या, म्हणजे ०.२२ इंची गोळीच्या पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, तिथे कान झाकल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि छर्रे शिशाचे असतात, म्हणून बाहेरच्या गाडीवरचा वडापाव कितीही खुणावत असला तरी आधी साबणानं हात धुवायचे.

गेल्या आठवड्यात सरांनी लेकीचं कार्ड उलटं लावलं. समोर कोरा पांढरा कागद, ना गोल, ना वर्तुळ. "आता फक्त साइट बघ," एवढंच म्हणाले. तिनं पाच छर्रे मारले. हात हलतच होता, मला बाकावरून दिसत होता, पण खांदा खाली होता. कार्ड परत आल्यावर सरांनी खिशातून दहा रुपयांचं नाणं काढून त्यावर ठेवलं. चार भोकं नाण्याखाली झाकली गेली. नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे जवळजवळ नऊच्या वर्तुळाएवढं.

पाचवं भोक दोन बोटं खाली डावीकडे होतं. "तो मी दाबला," ती म्हणाली. कार्ड परत येण्याआधीच तिनं हे सांगितलं होतं, "सर, शेवटचा गेला."